पॅकेज ३.६ लाख, डिपॉझिट रिफंडेबल

खोट्या नोकरीच्या मेलमध्ये बारा-पंधरा लाखांचं पॅकेज असतं आणि हावरट मुलं त्याला भुलतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी असा मेल बहुधा वाचलेला नसतो. आमच्या कॉलेजात जो आला त्यात वार्षिक ३.६ लाख लिहिले होते. सोलापूरसारख्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आयटीत जाणाऱ्या फ्रेशरला गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच मिळतात. मोठ्या कंपन्या शेकड्यांनी मुलं उचलतात ती याच आकड्यावर. मेल पाठवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. जॉइनिंग पुणे, हिंजवडी. तीन महिने ट्रेनिंग, मग प्रोजेक्ट, अठरा महिन्यांचा बाँड. लाळ गळावी असं त्यात काहीच नव्हतं. म्हणूनच ते पटलं.

मी कॉलेजात शिकवतो आणि जोडीला ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं काम बघतो. फायनल इयरची एक विद्यार्थिनी बोनाफाईड घ्यायला आली. अर्जावर कारण लिहिलं होतं ‘कंपनी जॉइनिंग’. कंपनीचं नाव मोठं, पण त्या वर्षी ती आमच्याकडे कॅम्पसला आलेली नव्हती.

“ऑफ-कॅम्पस मिळालं का?”

“हो सर. मेल आला होता, मग फोनवर इंटरव्ह्यू झाला. टेक्निकल आणि एचआर, दोन्ही.”

अभिनंदन केलं. मग सहज विचारलं, डॉक्युमेंट्स कुठे जमा करायचीत? तर म्हणाली, व्हेरिफिकेशन ऑनलाइनच झालंय, त्याचे १,८५० भरले. लॅपटॉपचं डिपॉझिट ९,५००, तेही काल संध्याकाळी भरलं. ते रिफंडेबल आहे, पहिल्या पगारात परत मिळणार. आता ट्रेनिंग किटचे १८,००० राहिलेत, ते बाबा उद्या पाठवणार आहेत. बाबांचं बार्शीत फॅब्रिकेशनचं दुकान. गल्लीत पेढे वाटून झाले होते.

मी तिला बसवलं आणि मेल दाखव म्हटलं. तिने आधी माझ्यापुढे आपला बचाव मांडला, आणि तो कच्चा नव्हता. “सर, मी चेक केलंय. लेटरवर सीआयएन आहे, तो एमसीएच्या साइटवर टाकून बघितला. कंपनी रजिस्टर्ड आहे, पत्ता पण बरोबर आहे. एचआर मॅडम लिंक्डइनवर आहेत, फोटोसकट.”

सगळं खरं होतं. एमसीए म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारं केंद्रीय मंत्रालय, आणि सीआयएन म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरी नोंदणी क्रमांक. तो कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी छापलेला असतो, कोणीही उचलून लेटरहेडवर चिकटवू शकतो. लिंक्डइनवरच्या मॅडम खरोखरच त्या कंपनीत होत्या. आपल्या नावाने सोलापुरात इंटरव्ह्यू झाला याचा त्यांना पत्ताही नसणार. मुलीने जे जे तपासलं त्यातून कंपनी अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध होत होतं. मेल त्या कंपनीकडून आलाय का, हा प्रश्न कशानेच सुटला नव्हता. ‘पाठवणाऱ्याची खात्री करा’ असं आपण पोरांना सांगतो, पण कशी करायची ते सांगत नाही.

मेल लॅपटॉपवर उघडला. जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, त्यात ‘शो ओरिजिनल’ म्हणून एक पर्याय आहे. मोबाइलच्या ॲपमध्ये तो सापडत नाही. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांच्या ओळी येतात. तिन्हींपुढे ‘पास’. शेजारी कॉम्प्युटरच्या वर्गातला एक पोरगा उभा होता, तो लगेच म्हणाला, “सर, मग जेन्युइन आहे की!”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हुशार मुलंच इथे अडकतात. डोमेन म्हणजे मेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे येणारं नाव. हे ‘पास’ म्हणजे मेल ज्या डोमेनवरून आल्याचं सांगतोय, त्याच डोमेनवरून आला आहे. आणि ते डोमेन होतं कंपनीचं नाव, पुढे छोटी आडवी रेघ, पुढे ‘करिअर्स’, मग डॉट इन. ते फसवणाऱ्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं. स्वतःच्या घराची किल्ली स्वतःच्या कुलपाला लागणारच. हू-इज या सेवेवर डोमेनचं नाव टाकलं की ते कधी नोंदवलं ते दिसतं. कंपनी कित्येक दशकांची जुनी, आणि हे डोमेन जेमतेम तीन आठवड्यांचं. ‘रिप्लाय-टू’मध्ये तर तिसराच पत्ता होता, साधा जीमेलचा. रिप्लाय दाबला की उत्तर तिकडे जाणार.

पैसे गेले होते एका माणसाच्या यूपीआय आयडीवर. पिन टाकण्याआधी ॲप समोरच्याचं नाव दाखवतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, कुणा मुलाचं नाव होतं. तिने ते विचारलंही होतं. तिकडून उत्तर आलं, ते आमचे फायनान्स एक्झिक्युटिव्ह आहेत.

ती रडली नाही. म्हणाली, “सर, बाबांना कसं सांगू?”

आधी १९३० लावू, मग बाबांना सांगू, असं ठरलं. १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठी केंद्रीय गृहखात्याने चालवलेला देशभराचा हेल्पलाइन नंबर. आधी हाच १५५२६० होता. काही कॉलेजांच्या भिंतींवर अजून तो जुनाच लिहिलेला दिसतो; आमच्याही जिन्यात होता, त्याच दिवशी पुसायला लावला. लाइन बराच वेळ बिझी लागली. मधल्या वेळात मी तिच्याकडून कागदावर एकेक गोष्ट लिहून घेतली: कोणत्या बँकेतून गेले, खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा यूटीआर म्हणजे बारा आकडी क्रमांक. तो ॲपमध्ये ‘डिटेल्स’ उघडल्याशिवाय दिसत नाही. फोन लागला तेव्हा पलीकडच्या बाईंनी नेमकं हेच विचारलं आणि हाताशी कागद असल्यामुळे पटापट झालं. नोकरी कशी मिळाली, इंटरव्ह्यू कसा झाला, ही कथा त्यांना तेव्हा नको असते. त्यांना पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकायच्या आत पकडायचे असतात. पहिले १,८५० जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यांची आशा नव्हती. ९,५०० मात्र आदल्या संध्याकाळचे होते.

फोन ठेवताच एसएमएसवर पोचपावतीचा नंबर आला. तो घेऊन २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर सविस्तर तक्रार पूर्ण करायची असते. पुष्कळ जण फोनवर बोलणं झालं म्हणजे झालं, असं धरून चालतात आणि इथे मागे राहतात.

दरम्यान वडिलांना फोन लावला. मीच बोललो. दोन क्षण काही आवाज नाही, मागे ग्राइंडर चालू. मग म्हणाले, “सर, अकरा हजार गेले तर गेले. पण पोरीचं नाव पोलिसात नको.”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तक्रारदाराचं नाव म्हणजे आरोपीचं नाव नव्हे, हे मी दोन-तीनदा सांगितलं. त्यांना ते कळतही होतं. पण बार्शीत पेढे वाटलेल्या घरातल्या माणसाला कायद्याचा मुद्दा सांगून भागत नाही. शेवटी तीच फोन घेऊन बोलली. “बाबा, माझ्या वर्गात अजून पाच-सहा जणांना हाच मेल आलाय. मी गप्प बसले तर ती पण भरतील.” यावर ते म्हणाले, “मग कर. मी येतो.” संध्याकाळच्या एसटीने ते आलेही.

पोर्टलवरची तक्रार भरणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. ओटीपी टाकून आत गेल्यावर जिल्हा आणि पोलीस ठाणं विचारतात. मुलगी हॉस्टेलवर राहते म्हणून सोलापूर शहर, पण आधारवरचा पत्ता आणि बँकेची शाखा बार्शीची, म्हणजे सोलापूर ग्रामीण. दोन्ही वेगळी घटकं. शहराला आयुक्तालय आहे, ग्रामीणला पोलीस अधीक्षक. आम्ही ती सध्या जिथे राहते ते टाकलं आणि त्याने काही अडलं नाही. घटनेचं वर्णन किमान दोनशे अक्षरांचं लागतं आणि त्या चौकटीत खास चिन्हं चालत नाहीत. आता ई-मेलचा पत्ता ‘ॲट’च्या चिन्हाशिवाय लिहायचा कसा? तिने सरळ ‘ॲट द रेट’ असं शब्दांत लिहिलं. पुरावे जोडताना स्क्रीनशॉट तर दिलेच, शिवाय ‘शो ओरिजिनल’मधून उतरवलेला मूळ मेलही ठेवून घेतला. स्क्रीनशॉटमध्ये मेलचा चेहरा दिसतो; तो कुठल्या सर्व्हरवरून आला ते फक्त मूळ मेलमध्ये असतं. तोवर ती व्हॉट्सॲपवरचं चॅट रागाने डिलीट करायला निघाली होती. वेळीच हात धरला.

दुसऱ्या दिवशी बँकेत. कोणती ते सोडा, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. “मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?” वडिलांना हे लागलं. पण नियमाच्या भाषेत बँकवाल्याचं चूक नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला: तुमच्या संमतीशिवाय तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा नाही. हा नियम ऐकून लोक मोठ्या आशेने बँकेत जातात. पण फसवून का होईना, पिन आपण टाकलेला असतो, तेव्हा तो व्यवहार ‘अनधिकृत’ या व्याख्येत बसवणं अवघड जातं. मग उरतो तो एकच रस्ता, पुढच्या खात्यात पैसे अडवण्याचा. पोचपावतीचा नंबर घालून लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला आणि बाहेर पडलो.

सायबर पोलीस ठाण्यातले हवालदार शांत माणूस होते. एवढ्या रकमेवर लगेच एफआयआर होतोच असं नाही, पोर्टलवरची तक्रार हा अर्ज असतो, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं. काही दिवसांनी त्यांनीच कळवलं: ९,५०० पैकी ६,२०० रुपये अडवले गेलेत, बाकीचे त्याच रात्री दुसऱ्या खात्यात वळते होऊन एटीएममधून निघाले. आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले तो परराज्यातला कॉलेजचा विद्यार्थी निघाला. त्यालाही मेलच आला होता, ‘पेमेंट प्रोसेसिंग असिस्टंट, पार्ट टाइम, घरबसल्या’. काम काय, तर तुझ्या खात्यात क्लायंटचे पैसे येतील, ते आम्ही सांगू तिथे पाठव, दोन टक्के ठेवून घे.

मुलीच्या वडिलांना तोवर त्या ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’चा गळा धरायचा होता. हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे त्यालाबी नोकरीच लागली होती का?”

त्या पोराचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पण खातं देणाऱ्याचं काय होतं ते मी आमच्याच कॉलेजात बघितलंय. सेकंड इयरच्या एकाने ओळखीच्या ‘दादा’ला आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिना काही हजारांवर वापरायला दिलं होतं. एक दिवस परीक्षेची फी भरायला गेला तर खातं गोठलेलं. कुठल्याशा दूरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा आदेश, आणि त्याच खात्यात त्याची स्कॉलरशिपही अडकलेली. नोटीस हिंदीत, तपास अधिकारी हजार मैलांवर. त्याला वकील करावा लागला. फसलेल्या मुलीला सगळे सहानुभूती दाखवतात. याला कोणी दाखवेना. आयटी कायद्याच्या ६६ डी कलमात संगणक वापरून तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मेल लिहिणारा सापडेल तेव्हा सापडेल, पण ज्याच्या नावावर खातं आहे तो मात्र पहिल्याच दिवशी सापडतो. म्हणून मी वर्गात आता फसव्या ऑफरबद्दल बोलतो त्याहून जास्त वेळ खातं भाड्याने देण्यावर बोलतो.

अडवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागायचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. जुन्या सीआरपीसीत हेच ४५७ होतं आणि कोर्टाच्या आवारात अजून सगळे ‘चारशे सत्तावन्न’च म्हणतात. पोलिसांचं म्हणणं मागवलं जायचं, हमीपत्र द्यावं लागायचं, मग आदेश आणि तो आदेश बँकेकडे. ६,२०० रुपयांसाठी वकिलाची फी, बार्शीहून येण्या-जाण्याचा खर्च, दुकान बंद ठेवायचं. वडिलांनी हिशेब करून सोडून द्यायचं ठरवलंच होतं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, तो आता वकिली करतो, फी न घेता अर्ज करून दिला. काही महिन्यांनी पैसे जमा झाले. १,८५० आणि उरलेले ३,३०० गेले ते गेलेच.

पण मला वेगळंच खटकत होतं. तिला आलेल्या पहिल्या मेलमध्ये तिचं पूर्ण नाव, ब्रँच, सीजीपीए आणि पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, होता. हे जॉब पोर्टलवर नसतं. वर्गात विचारत गेलो तेव्हा एक एक्सेल शीट निघाली: पूर्ण बॅचची नावं, मोबाइल, मेल, टक्केवारी, बॅकलॉग. ती दर कंपनीसाठी थोडी फिरवून पाठवली जाते, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपापलं नाव चेक करा’ म्हणून टाकली जाते, तिथून ‘फ्रेशर्स जॉब्स’ नावाच्या टेलिग्राम चॅनलवर जाते. चॅनलवर कोण बसलंय ते कोण बघतो? ती फाईल नेमकी कुणाच्या हातून बाहेर गेली हे शोधण्यात अर्थ नव्हता, ती सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये होती. आता शीट ग्रुपवर जात नाही. मुलाला फक्त त्याची ओळ दिसते आणि कंपनीला जाणाऱ्या फायलीला पासवर्ड असतो. पहिला महिना कुरकुर झाली, मग सवय झाली.

‘नोकरीसाठी कधीही पैसे भरू नका’ हे वाक्यही मी बदललं, कारण पोरं उलटा प्रश्न विचारतात आणि तो रास्त असतो. “सर, ॲमकॅटला फी भरली ना आम्ही? ईलिटमसला भरली ना?” भरली. त्या परीक्षा आहेत, त्यांना फी असते. म्हणून आता असं सांगतो: निवड होण्याआधी परीक्षेची फी असू शकते, ‘तुमची निवड झाली आहे’ या वाक्यानंतर जो कोणी एक रुपया मागेल तो चोर, मग तो व्हेरिफिकेशन म्हणो, डिपॉझिट म्हणो की रिफंडेबल. हे मुलांना लगेच पटतं.

संशयित मेलसाठी कॉलेजच्या डोमेनवर एक वेगळा पत्ता काढला. अट एकच: स्क्रीनशॉट नाही, मेल ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करायचा, म्हणजे मूळ नोंदी शाबूत राहतात. फायनल इयरची दोन मुलं आळीपाळीने बघतात. डोमेनचं वय, रिप्लाय-टू, आणि कंपनीच्या मूळ वेबसाइटवरच्या करिअर पानावर ती जागा आहे का, एवढंच. ते पान मेलमधल्या लिंकवरून उघडायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. एवढ्यावर बहुतेक मेल निकालात निघतात. फसवे फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेज असले तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीवर कळवतात.

जे निकालात निघत नाहीत, ते बहुतेक वेळा खरे असतात आणि खरी डोकेदुखी तीच आहे. मागे एका नामवंत कंपनीचा मेल आला. आमच्याच कॅम्पसमधून निवडलेल्या मुलांना. मेल तिसऱ्याच डोमेनवरून, त्यात एक फॉर्म, फॉर्ममध्ये पॅन, आधार, बँकेचा तपशील, आणि ‘४८ तासांत न भरल्यास ऑफर रद्द समजली जाईल’. आमच्या पोरांनी तो लाल शेरा मारून बाजूला ठेवला. मला शंका आली म्हणून एचआरला फोन केला. तो खराच होता. पडताळणीचं काम त्यांनी बाहेरच्या एजन्सीला दिलेलं, मेल एजन्सीच्या डोमेनवरून गेलेला. एचआरमधले गृहस्थ जरा वैतागलेच, “सर, बाकीच्या कॉलेजांनी तर भरलं.”

बाकीच्या कॉलेजांनी भरलं, हाच तर प्रश्न आहे. धमकीवजा मुदत, अनोळखी पत्ता, घाईघाईत मागितलेली कागदपत्रं. खऱ्या कंपन्या मुलांना हीच सवय लावतात आणि चोर तिचा फायदा उचलतात. २०२२ च्या बॅचमधल्या कितीतरी मुलांच्या हातात मोठ्या आयटी कंपन्यांची ऑफर लेटर असूनही जॉइनिंगची तारीख वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलली जात होती, पेपरात बातम्या येत होत्या. ती मुलं एचआरला मेल टाकून थकली. तुलनेत या मुलीच्या खोट्या एचआर मॅडम तासाभरात उत्तर द्यायच्या, नावाने हाक मारायच्या, सणाला शुभेच्छा पाठवायच्या. ती एकदा मला म्हणालीही, “सर, आतापर्यंत माझ्याशी सगळ्यात नीट तीच बोलली होती.”

यंदा कॅम्पसला येणाऱ्या प्रत्येक कंपनीला आमच्या पत्रात एक ओळ वाढवली आहे: निवडीनंतर मुलांना मेल कोणकोणत्या डोमेनवरून जातील, पडताळणीचं काम कुठली एजन्सी करणार, ते आधी लेखी कळवा. ती यादी आम्ही नोटीस बोर्डावर लावणार. पुण्याच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने दोन दिवसांत यादी पाठवली, एजन्सीच्या माणसाच्या नंबरासकट. एका मोठ्या कंपनीने ‘हे आमच्या धोरणात बसत नाही’ असं कळवलं. बाकीच्यांना आठवणीचं पत्र परवाच गेलं आहे.